गडग्याला बेडं असतं

प्रश्न असा आहे. रत्नागिरी शहराच्या कडेला, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चार इमारती आणि डझनभर बंगल्यांचं तुमचं कॉम्प्लेक्स. बिल्डरने गेल्या वर्षी सोसायटी हाती दिली, तुम्ही सेक्रेटरी झालात आणि पहिल्याच सर्वसाधारण सभेत विषय निघाला की मागचं लहान गेट कायमचं बंद करायचं. त्या गेटातून खालच्या वाडीतली माणसं, शाळेची मुलं, घरकामाला येणाऱ्या बायका मुख्य रस्त्याला येतात. निम्मे सभासद म्हणतात, पैसे मोजून बंदिस्त वसाहतीत घर घेतलंय, आमच्या अंगणातून हमरस्ता कशाला? वाडीवाले म्हणतात, ही वाट आमच्या आज्यापासूनची. गेट बंद करता येईल का, असं तुम्ही विचारता. आणि जाता जाता हेही, की अशा वसाहतींनी शहराचं भलं होतं की नुकसान.

आधी माझी बाजू सांगतो. मी आर्किटेक्ट. तीस वर्षं रत्नागिरी, चिपळूण, दापोली या पट्ट्यात लेआउट काढतोय. अशी गेटं मीही काढली आहेत: कमान, वॉचमनची केबिन, आडवा दांडा, दोन्ही बाजूंना घडीव चिऱ्याचे खांब. माहितीपत्रकाचं पहिलं पान गेटचंच असतं, घराचं नसतं. तेव्हा मी वरून उपदेश करतोय असं समजू नका. नंतर निस्तराव्या लागलेल्या चुकांचा हा हिशेब आहे. उत्तर एका ओळीत हवं असेल तर पुढचं गेट ठेवा, रात्रीचा पहारा ठेवा, मागचं बंद करू नका.

कोकणात कुंपण नवं नाही. आपल्याइतका कुंपणाचा शौक घाटावर कुणाला नसेल. हात-दीड हात जागेसाठी तीन पिढ्या कोर्टात जातात. पण जुना गडगा आठवून बघा. चुना नाही, सिमेंट नाही, चिऱ्यावर चिरा नुसता रचलेला, छातीपर्यंत उंच. त्यात बेडं असतं: दोन बाजूंना भोकं पाडलेले खांब आणि त्यांत सरकवलेले आडवे बांबू. गुरं आत येत नाहीत, माणूस दोन बांबू सरकवून जातो आणि मागे परत लावतो. जिथे बेडं नाही तिथे गडग्यातले दोन चिरे पायरीसारखे बाहेर काढलेले असतात, त्यावर पाय ठेवून पलीकडे. घरामागच्या परड्यातून पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, जाते, पाखाडी देवळाला जाते, आणि ज्याच्या परड्यातून ती जाते तो नारळ पाडताना ओरडून सांगतो, 'थांबा हो जरा.' मालकी त्याची, वाट सगळ्यांची. या दोन गोष्टी एकाच जमिनीवर नांदू शकतात हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आता लगेच गावाचे गोडवे गायला नकोत. त्याच गावात वाड्या जातीवर पडलेल्या होत्या आणि आहेत. कुणाच्या विहिरीवर कोण जाणार नाही हे दांड्याशिवाय आणि वॉचमनशिवाय सगळ्यांना ठाऊक असायचं. महाडचं चवदार तळं नगरपालिकेने 1924 साली ठराव करून सर्वांना खुलं केलं. तरी तिथलं पाणी प्यायला 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर तळं खासगी आहे आणि पूर्वापार रूढीने अस्पृश्यांना तिथे मज्जाव आहे असा दावा लावण्यात आला, आणि तो मुंबई उच्च न्यायालयात 1937 मध्ये निकालात निघाला, कारण रूढी पुरातन असल्याचं दावेदारांना सिद्ध करता आलं नाही. रत्नागिरीत 1931 साली भागोजीशेठ कीर यांनी सर्व जातींना खुलं असं पतितपावन मंदिर बांधलं तेही याच अडवणुकीला उत्तर म्हणून. त्यामुळे 'पूर्वी सगळं मोकळं होतं' असं कुणी म्हणालं की मी गप्प राहतो. फरक एवढाच की गावात माणूस अडवला जायचा आणि वाट राहायची. कॉम्प्लेक्समध्ये वाटच जाते. आणि माणूस अडवणं संपलेलं नाही. सभासद कोण होणार हे पोटनियमांत लिहून ठेवणाऱ्या सोसायट्या आहेत. पारशी समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा अहमदाबादच्या एका गृहनिर्माण सोसायटीचा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये ग्राह्य धरला. आपल्याकडे हे लिहीत कुणी नाही, 'मच्छी खाणारे नकोत' असं फोनवर सांगतात. रत्नागिरीत! असो.

गेट का हवं असतं, तेही नीट समजून घेऊ, नाहीतर तुमचे निम्मे सभासद माझं पुढचं वाचणार नाहीत. मुलगा मुंबईला, मुलगी परदेशी, आईवडील इथे दोघंच; त्यांना रात्री कुणी तरी जागं आहे एवढं पुरतं. एकटी राहणारी नोकरदार बाई. वर्षातून दोनदा येणारा चाकरमानी, ज्याचं बंद घर गावात फुटलं होतं. या भित्या खऱ्या आहेत. पण नीट बघितलं तर यातल्या जवळजवळ सगळ्या रात्रीच्या किंवा बंद घराच्या आहेत. सकाळी साडेसहा ते रात्री नऊ एक पायवाट उघडी राहिल्याने त्यांत भर पडत नाही. उलट दिवसभर माणसं जातयेत असतील तर नवखा माणूस लगेच नजरेत भरतो. वाडीतल्या म्हाताऱ्यांइतकी पाळत तुमचा कॅमेराही ठेवणार नाही.

आता शहराचं. एक हिशेब करू. तुमचं कॉम्प्लेक्स 5 एकरांचं धरू. 5 एकर म्हणजे साधारण 20,000 चौरस मीटर, म्हणजे 142 मीटर बाजूचा चौरस. असा एक चौरस बंद झाला तर शहराला काही होत नाही, वळसा घालून माणूस पुढे जातो. असे तीन शेजारी शेजारी उभे राहिले की सव्वाचारशे मीटर सलग भिंत होते, आणि तिन्ही बिल्डर वेगळे, तिन्ही आर्किटेक्ट वेगळे. मधून वाट सोडायची कुणालाच सुचत नाही. जुन्या रत्नागिरीत, राम आळीत किंवा टिळक आळीच्या बाजूला फिरून बघा. चार घरं झाली की बोळ, बोळातून खाली उतरलं की दुसरी आळी. बाजारात जायला पाच वाटा. नव्या भागात सगळ्यांना जायला एकच रस्ता, मग त्यावर सकाळी शाळेच्या गाड्या, दुचाक्या, पाण्याचे टँकर सगळे एकत्र. आणि लोक म्हणतात, रस्ता रुंद करा.

एका कामात मी स्वतः हे मोजलं. मीच काढलेलं कॉम्प्लेक्स होतं. वाडीतून बस थांब्यापर्यंत जुनी वाट साडेतीनशे मीटर होती. भिंत पुरी झाल्यावर रस्त्याने वळसा घातला तर दीड किलोमीटर. सहा-सात वर्षांचं पोर दप्तर घेऊन चालतं त्या वेगाने सतरा-अठरा मिनिटं जास्त, एका फेरीला. वर्षभरात त्या वाडीत किती स्कूटी आल्या हे मी मोजलं नाही, पण आल्या. ज्यांना परवडल्या नाहीत त्यांच्या मुलींनी वरच्या शाळेऐवजी जवळची धरली. आणि गंमत म्हणा की काय म्हणा, कॉम्प्लेक्समधल्या वहिनींची पहिली तक्रार होती की कामवाली हल्ली उशिरा येते. ती त्याच वाडीतली. भिंत तिच्याही वाटेत होती.

भिंतीच्या बाहेरच्या रस्त्याचं काय होतं तेही बघा. ज्या रस्त्याला घरांची दारं उघडतात तिथे टपरी येते, रिक्षा थांबते, कुणी अंगणात उभं असतं. ज्या रस्त्याला दोन्हीकडून नुसती भिंत, तिथे संध्याकाळी सातनंतर बाई एकटी चालत नाही. मग सभासद म्हणतात, बाहेरचा रस्ता धोक्याचा आहे, गेट आणखी कडक करा. त्या रस्त्याला धोक्याचं आपणच केलेलं असतं.

पाटी घेऊन येणारी मासेवाली गेटावर थांबते हे मला सगळ्यात जास्त टोचतं, पण ते माझं वैयक्तिक. वॉचमन तिला आत सोडत नाही, वास येतो म्हणून; मग आतली माणसं गाडी काढून मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर जातात आणि तिथे तिच्याच बहिणीशी घासाघीस करतात. शिमग्यातला एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. गावची पालखी ढोलताशासकट एका नव्या वसाहतीच्या गेटावर आली. वॉचमन परप्रांतातला, नवीन, बिचारा प्रामाणिक. त्याने दांडा वर केला नाही, रजिस्टर पुढे केलं आणि विचारलं, किसके घर जाना है? मानकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने सांगितलं, सगळ्यांच्या. चेअरमन धावत येईपर्यंत पालखी तिथेच रस्त्यात नाचवली गेली, आणि मग आत आली. पुढच्या वर्षी त्या सोसायटीने नोटीस लावली, 'शिमग्यात गेट उघडे राहील.' वर्षाचे दोन दिवस.

पाण्याकडे येतो. इथे माझा राग जास्त आहे, कारण यातून माणसं मरतात. कोकणात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. जुलैत एका दिवसात 100 मिलिमीटर ही काही बातमी नसते. तुमच्या 20,000 चौरस मीटरवर 100 मिलिमीटर म्हणजे 20 लाख लिटर पाणी. सडा मोकळा होता तेव्हा त्यातलं काही कातळाच्या भेगांत मुरायचं, काही पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळायचं, आणि मुरलेलं पाणी सड्याच्या कडेला झऱ्याने बाहेर पडायचं. खालच्या वाडीच्या विहिरी त्या झऱ्यांवर. आपण वर पेव्हर ब्लॉक घातले, कडेने सिमेंटची भिंत घातली, पऱ्या दोन फुटी पाइपात कोंबला. गडगा पाण्याला अडवत नव्हता, दगडांच्या फटीतून ते गाळून जायचं. सिमेंटची भिंत धरण होते. तिला वीपहोल, म्हणजे पाणी बाहेर पडायची भोकं, ठेवले नाहीत, किंवा ठेवले आणि मागे मातीने बुजले, तर भिंतीमागे पाणी साठतं आणि एका रात्री ती बसते. पुण्यात कोंढव्यात 29 जून 2019 ला पावसात एका सोसायटीची संरक्षक भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 जण गेले. भिंतीच्या आत कुणाला खरचटलंही नसेल. भिंत पडते ती बहुतेक बाहेरच्यांवर. तुमची मागची भिंत वाडीच्या डोक्यावर आहे असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. गेटाचा वाद नंतर घाला, आधी पावसाळ्यापूर्वी त्या भिंतीचे वीपहोल बांबू घालून बघा, मागे खडीचा थर आहे का ते विचारा, आणि पऱ्यावरचा पाइप कितीचा आहे ते मोजा. चिपळूणकरांना 22 जुलै 2021 विसरता येत नाही. तो वाशिष्ठीचा मोठा पूर होता, एका कॉम्प्लेक्समुळे आला नव्हता. पण असा पूर गेल्यावर पाणी कुठे कुठे अडलं ते फिरून बघितलं की प्रत्येक बुजवलेला पऱ्या आणि प्रत्येक आडवी भिंत ओळखू येते.

तुमच्या बोअरवेलचंही तेच. मे महिन्यात वाडीची विहीर तळाला गेली की दोष तुमच्यावर येणार, खरा असो-नसो. छपराचं पाणी मुरवण्याची सोय नकाशात दाखवलेली असेल. प्रत्यक्षात खड्डा आहे की नुसती जाळी, ते झाकण उघडून बघा. मी अशी दोन झाकणं उघडली आहेत ज्यांच्या खाली काँक्रीट होतं.

आता कायदा. मी वकील नाही, पण नकाशे आणि उतारे वाचण्यात आयुष्य गेलं, तेव्हा कुठे बघायचं एवढं सांगतो.

पहिलं, तुमचा मंजूर नकाशा. प्रकल्प महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणात, नोंदलेला असेल तर तो संकेतस्थळावर मिळेल. 500 चौरस मीटरहून जास्त जमीन आणि 8 हून जास्त सदनिका असल्या तर नोंदणी लागतेच, इथे 1 मे 2017 पासून. मागच्या हद्दीपर्यंत गेलेला रस्ता नकाशात दिसतोय का? मंजुरीच्या आदेशातल्या अटी वाचा, बारीक अक्षरातल्या. लेआउटचे अंतर्गत रस्ते शेजारच्या जमिनींना वापरायला खुले ठेवावेत, अशी अट मी कितीतरी आदेशांत पाहिली आहे. ती तुमच्या आदेशात असेल तर सभेचा ठराव कागदावरच राहील.

दुसरं, गावचा जुना नकाशा आणि सात-बारा. पायवाटा गाव नकाशावर तुटक रेषेने दाखवतात. सात-बारावर 'इतर हक्क' या रकान्यात वहिवाटीची नोंद असते. बिनशेती होण्याआधीचे, मूळ गटाचे जुने उतारे काढा, नवे नुसते बघू नका. आणि एक विसरलेलं दप्तर: वाजिब-उल-अर्ज. नाव मुघली वाटतं, पण ते महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 165 खालचं आहे. खासगी जमिनीतून जाण्यायेण्याच्या, पाणी नेण्याच्या, मासे धरण्याच्या गावच्या रूढी त्यात नोंदवायच्या असतात. तहसील कार्यालयात मागितलंत तर पहिल्यांदा तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील. मागत राहा.

तिसरं, वाडीवाल्यांच्या हातात काय आहे. वाट शेताला, बागेला किंवा पाण्याला जाणारी असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 खाली ते तहसीलदाराकडे अडथळा काढायचा दावा करू शकतात, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शिवाय सुविधाधिकार अधिनियम 1882 आहेच: उघडपणे, हक्काने, विनाअडथळा 20 वर्षं वापर असेल तर वहिवाटीचा हक्क मिळतो. एखाद्या घराचा स्वतःच्या जमिनीसाठीचा हक्क आणि अख्ख्या वाडीने रूढीने सांगितलेला हक्क, हे दोन वेगळे दावे आहेत. तुमच्या वकिलाला हा फरक आधी विचारा. त्याने दोन्ही एकच सांगितले तर वकील बदला.

यातूनच तुमच्या सभासदांची खरी भीती निघते: आज जाऊ दिलं तर उद्या हक्क सांगतील. वाट खरोखर आज्यापासूनची असेल तर हक्क आधीच आहे, तुमच्या गेटाने तो जात नाही. आणि नसेल, तर परवानगीने केलेल्या वापरातून हा हक्क तयार होत नाही. म्हणून सोसायटीने स्थानिक संस्थेशी, म्हणजे नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत जी असेल तिच्याशी, लेखी समजुतीचा कागद करावा: वाट कुठून कुठे, किती रुंद, किती ते किती वाजेपर्यंत, दिवा कुणाचा, झाडलोट कुणाची. एवढ्या कागदाने दोन्ही बाजूंची झोप परत येते. मी हे दोन ठिकाणी करून घेतलं. एका ठिकाणी छान चाललंय, दुसऱ्या ठिकाणी दिव्याचं बिल कुणी भरायचं यावरून भांडण आहे, पण वाट उघडी आहे.

बांधकामात करायचं ते फार नाही. मागच्या गेटाऐवजी माणूस आणि सायकल जाईल, दुचाकी जाणार नाही, अशी नागमोडी वाट करा. दोन खांब एकमेकांपुढे सरकवून ठेवले की होतं. वाट इमारतींच्या दारासमोरून न नेता कडेने न्या. मोकळी जागा तुम्हाला सोडावीच लागली असणार, 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडात 10 टक्के, म्हणजे तुमच्या 5 एकरांत अर्धा एकर. ती मागच्या बाजूला असेल तर वाट तिच्या कडेने काढा. मुलं खेळताना वाडीची पोरं थांबतील, मग क्रिकेटला अकरा जमतील. भिंतीचा वरचा भाग जाळीचा करा, म्हणजे वाटेवरून आतलं आणि आतून वाटेवरचं दिसेल. समोरच्या रस्त्याला लागून दोन-तीन गाळे बाहेर तोंड करून काढता आले तर उत्तम, पण ते आता तुमच्या हातात नाही.

अलिबाग-मांडव्याच्या बाजूच्या, दापोली-गुहागरच्या समुद्राकाठच्या बंगल्यांच्या वसाहतींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून थोडक्यात. तिथला प्रश्न वेगळा: घरं वर्षातले दहा महिने बंद, आणि भिंत समुद्राच्या वाटेत. भरतीच्या रेषेखालची जमीन सरकारची असते, कुणाच्याही सात-बारावर ती येत नाही. पण तिथपर्यंत पोचायची वाट बुजवली की रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांना किनारा असून नसल्यासारखा. मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, 2020 मध्ये सुरू झाली, अटल सेतू जानेवारी 2024 ला. आता तिकडे भिंती वाढणार, आणि त्याच्या आधी गाव नकाशावरच्या तुटक रेषा कुणी तरी प्रत्यक्ष जमिनीवर दगड लावून नक्की करायला हव्यात.

तुमच्याकडे परत. सभेत ठराव टाकण्याआधी एक करा. वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बोलवा, चहा पाजा, आणि लग्न होऊन ती कुठल्या वाटेने आली ते विचारा. तिला घेऊन ती वाट चाला, सोबत चेअरमन असू द्या आणि गेट बंद करा म्हणणाऱ्यांपैकी एक जण असू द्या. मग मोजणीचा अर्ज करा. एप्रिलच्या आत केलात तर बरं, कारण पाऊस सुरू झाला की मोजणी पुढे जाते, आणि जूनच्या मध्याला शाळा उघडतात.